सिस्टिम घेत नाही

आमच्या कॅप्टनइतका रागीट माणूस अख्ख्या मिल्टन कीन्समध्ये दुसरा नव्हता, आणि त्यांचा सगळ्यांत खरा राग ज्याच्या डोक्यावर फुटायला हवा होता तो माणूस मी. तो फुटला नाही, कारण ऐन वेळी मी एक वाक्य बोललो आणि बाजूला झालो. ते वाक्य खोटं होतं. ते कोणतं, हे पुढं येईलच. पण एवढं आधीच कबूल करून टाकतो. कॅप्टनच्या गमती सांगणारा हा माणूस त्यांच्यापेक्षा शहाणा असणार, असा वाचकांचा समज व्हायला नको.

कॅप्टन गाडी शिकवायचे. मला, माझ्या बायकोला आणि आमच्या ऑफिसातल्या निम्म्या मराठी मंडळींना त्यांनीच शिकवली. भारतातलं लायसन्स इथं इंग्लंडात एक वर्ष चालतं. त्यानंतर पुण्यामुंबईत वर्षानुवर्षं गाड्या हाणलेली माणसं शाळकरी पोरांसारखी एल प्लेट लावून परीक्षेला बसतात आणि आरशात पाहिलं नाही म्हणून नापास होतात. मी दोनदा झालो. तेव्हा ऑफिसातला एकजण म्हणाला, "एक कर्नल आहेत. आफ्रिकेतले. भयंकर ओरडतात, पण पास होतोस." मी फोन लावून "कर्नलसाहेब आहेत का?" म्हटलं आणि पहिली तोफ उडाली. "कॅप्टन," पलीकडून आवाज आला. "माझ्या सैन्यात बढती अशी फोनवर मिळत नाही. पगारही मिळत नाही, पण तो वेगळा विषय आहे. उद्या सकाळी दारात उभा राहा. बूट घालून. चपला घालून आलास तर चालत जाशील."

त्यांचं सैन्य सोमालीलँडचं. हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं नसतं, आणि ऐकलेलं असलं तर 'सोमालिया' असं ऐकलेलं असतं, आणि तिथंच सगळा घोटाळा आहे. आफ्रिकेच्या शिंगावरचा हा तुकडा पूर्वी इंग्रजांकडे होता. इंग्रज गेल्यावर तो जेमतेम पाच दिवस स्वतंत्र राहिला, मग शेजारच्या इटालियन तुकड्याशी जोडला गेला आणि दोघांचं मिळून सोमालिया झालं. पुढं त्याच सोमालियाच्या सैन्यानं उत्तरेतल्या हर्गेसा शहरावर बॉम्ब टाकले. विमानं हर्गेसाच्याच विमानतळावरून उडायची, हर्गेसावरच बॉम्ब टाकायची आणि पुन्हा तिथंच उतरायची. कॅप्टन तेव्हा त्या शहरात ट्रक चालवत होते. त्यांचं घर त्यातच गेलं आणि ते बंडखोरांत सामील झाले. एक्क्याण्णव साली हा तुकडा पुन्हा वेगळा झाला. आता त्याला झेंडा आहे, नाणं आहे, पोलीस आहेत, निवडणुका होतात, सैन्यही आहे. फक्त तेव्हा जगातल्या एकाही देशाला हे मान्य नव्हतं. या न मानलेल्या देशाच्या सैन्यात कॅप्टन वाहतुकीचं खातं सांभाळत होते. नव्वदीच्या शेवटी बायकोपाठोपाठ ते इंग्लंडात आले, परीक्षा देऊन ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर झाले, आणि वाहतुकीचं खातं इथं पुढं चालू ठेवलं.

शिकवणी सुरू व्हायची ती गाडीबाहेर. विद्यार्थ्यानं बॉनेटसमोर ताठ उभं राहायचं, मग गाडीभोवती एक फेरी मारून टायर, दिवे, आरसे तपासून "गाडी तयार आहे, कॅप्टन" असं म्हणायचं. आमच्या गल्लीतले शेजारी पडद्याआडून बघत. एकदा मी घाईत फेरी न मारताच "तयार आहे" म्हणालो. कॅप्टन खाली उतरले, मागच्या चाकाजवळून काल रात्री कुणीतरी टाकलेली बिअरची बाटली उचलली आणि माझ्या हातात दिली. "तयार आहे?" एवढंच. तो सबंध तास मी ती बाटली मांडीत धरून गाडी चालवली, कारण खाली ठेवायची परवानगी मिळाली नाही. डिकीत मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. तिथं ड्रायक्लीनरच्या पिशवीत इस्त्रीचा गणवेश आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली टोपी असायची. सैन्य केव्हा बोलावेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सैन्याला तुमचा पत्ता तरी ठाऊक आहे का. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि उरलेला वेळ आम्ही गप्प बसून काढला. त्याचेही पैसे घेतले.

मिल्टन कीन्सवर त्यांचा जीव होता. आमचं गाव म्हणजे नकाशावर पट्टीनं आखलेले उभे-आडवे रस्ते आणि प्रत्येक चौकात राउंडअबाउट, म्हणजे गोल वळसा घालायचं बेट. नवीन माणूस इथं हमखास हरवतो. कॅप्टनना ते फार आवडे. "हे शहर आखणारा माणूस सैनिक असणार," ते म्हणत. "शत्रू आत आला तर संध्याकाळपर्यंत फिरत राहील आणि कंटाळून परत जाईल." एक्झिट चुकला तर घाबरायचं नाही, पुन्हा गोल यायचं, ही त्यांची शिकवण. त्यासाठी त्यांच्या रणगाड्याची गोष्ट सांगत. सैन्य नवं होतं तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेला एक रणगाडा फक्त डावीकडे वळायचा. उजवीकडे जायचं असलं की तीनदा डावीकडे वळायचा. "आमच्याकडे कुणी लाजलं नाही. वेळ लागायचा, पण पोचायचा." मी हसलो. "हसायचं असेल तर आधी विचार," ते करड्या आवाजात म्हणाले. मी विचारलं. "नाही," ते म्हणाले. त्यांच्या सैन्याचे गणवेश तीन देशांनी दान केलेले होते, त्यामुळं संचलनाच्या दिवशी लांबून पाहिलं तर तीन सैन्यं एकमेकांसमोर उभी आहेत असं वाटे. पगार म्हणून कधी तांदूळ मिळे, कधी नुसतं तेल. हे सगळं ते स्वतःच सांगायचे, रंगवून सांगायचे, आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर नजर ठेवून असायचे.

सोमाली लोकांत नावं तीच तीच. हजेरी घेताना एका नावाला दहा जण ओ देणार. म्हणून प्रत्येकाला टोपणनाव असतं आणि ते तोंडावर, सरळ व्यंगावरून ठेवलेलं असतं. लंगड्याला लंगडा म्हणायचं, कान तुटलेल्याला एककान्या म्हणायचं, आणि त्याचा राग मानायचा नाही. कॅप्टनच्या तुकडीत एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे झोप्या म्हणत, कारण तो स्टिअरिंगवर डुलक्या घ्यायचा. लढाई संपल्यावर शहराबाहेरचे रस्ते खुले करताना त्याचा ट्रक सुरुंगावर गेला. "तेव्हा मात्र तो जागा होता," कॅप्टन म्हणाले, आणि मग बराच वेळ, कारण नसताना, समोरच्या व्हॅनवाल्याला शिव्या देत राहिले. हर्गेसातल्या थिएटरात त्यांनी लहानपणी हिंदी सिनेमे पाहिले होते, त्यामुळं शिव्यांमध्ये "कमीने" हा शब्द फार वेळा यायचा. त्यांनी मलाही नाव दिलं होतं: इंडिकेटर. "तू वळणार असं सांगतोस," ते म्हणाले, "टिक टिक टिक टिक, आणि वळत नाहीस. मागचे सगळे थांबून राहतात." बायको मागच्या सीटवर होती. "अहो, यांनी तुम्हाला किती पटकन ओळखलं," ती म्हणाली. तिला पहिल्या फटक्यात लायसन्स मिळालं आणि ती कॅप्टनची लाडकी झाली. ती घावन करायची तेव्हा ते दोन्ही हातांनी खायचे आणि तोंड पुसून आरोप करायचे की हा त्यांचा पदार्थ आहे, त्याला लहोह म्हणतात, आणि तुमचे व्यापारी तो पळवून घेऊन गेले. भज्यांना तर ते बजिया म्हणायचे. "शब्द आमचा आहे," बायको म्हणायची. "सिद्ध कर," कॅप्टन म्हणायचे, आणि आणखी चार घ्यायचे.

पण हे गमतीचे राग. त्यांचा धगधगता राग होता तो याद्यांवर आणि नकाशांवर. आमच्या लायब्ररीत ते दर महिन्याला जायचे, ॲटलास काढायचे, खिशातली पेन्सिल आणि छोटी पट्टी घेऊन सोमालियाच्या पोटातून आपल्या देशाची सरहद्द आखायचे आणि ॲटलास जागेवर ठेवायचे. लायब्ररीतल्या बाई ती सरहद्द खोडायच्या. दोघं भेटले की "मॉर्निंग" म्हणायचे. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "तुमची पेन्सिल जरा मऊ घ्या ना. कागदावर वळ राहतात." "राहू देत," कॅप्टन म्हणाले. गाडीच्या विम्यासाठी त्यांनी एकदा फोन केला तो माझ्यासमोरच. पलीकडच्या मुलीनं जन्मदेश विचारला. सोमालीलँड. तिच्या यादीत नाही. सोमालिया लिहू का? "मुली," कॅप्टन म्हणाले, "तुझं घर ज्यानं पाडलं त्याचं आडनाव लावशील?" ती बिचारी सुपरवायझरला बोलावून आली. शेवटी तोडगा निघाला तो असा की कॅप्टन जन्मले तेव्हा तिथं इंग्रजांचं राज्य होतं, म्हणून सुपरवायझरनं 'ब्रिटिश' लिहायला सांगितलं. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "बघ, त्यांच्या ताब्यात होतो तेव्हा यादीत होतो," ते म्हणाले.

आणि 'सॉरी' या शब्दाचा त्यांना संताप यायचा. या देशात धक्का देणाराही सॉरी म्हणतो आणि धक्का खाणाराही. एकदा आमच्यासमोर एक रिकामी बस आली. तिच्या कपाळावर दिव्यांची अक्षरं होती: सॉरी, नॉट इन सर्व्हिस. कॅप्टननी मला गाडी थांबवायला लावली. "बस माफी मागतेय," ते म्हणाले. "लोखंडाची बस. ज्यांनी माझ्या आईच्या घरावर बॉम्ब टाकले त्यांनी अजून मागितली नाही, आणि ही बस रोज सकाळी अख्ख्या शहराची मागते."

आता मुख्य गोष्ट. मी बेळगावचा. माझ्या गावाचं नाव कुठल्या राज्यात लिहायचं यावरून आमच्या घरात तीन पिढ्यांची जेवणं थंड झाली आहेत. लंडनमधल्या वेम्बलीला मराठी मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता, आणि लांबच्या रस्त्याची सवय व्हावी म्हणून कॅप्टनना शेजारी बसवून मी गाडी घेऊन गेलो होतो. तिथं पुण्याचे एक गृहस्थ हसत हसत म्हणाले, "बेळगाव म्हणजे तुम्ही कानडीच की हो. मराठी छान बोलता पण." मी ताटातली जिलबी ठेवली आणि त्यांच्याशी इतका भांडलो की त्यांची बायको त्यांना हाताला धरून दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. कॅप्टनना एक अक्षर कळलं नाही, पण ते भिंतीला टेकून सगळं बघत होते. परतताना त्यांनी विचारलं, भांडण कशावरून. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे तुलाही दुसऱ्याच्या यादीत टाकलंय. आज तू पहिल्यांदा माणसासारखा भांडलास." त्या दिवसापासून त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला. मी तेव्हा खूश झालो होतो. आज ते आठवलं की माझंच तोंड मला बघवत नाही.

नोव्हेंबरात इथं युद्धात पडलेल्यांची आठवण म्हणून रविवारी कार्यक्रम होतो. आमच्या भागातल्या स्मारकाजवळ छोटी परेड, दोन मिनिटं शांतता, मग एकेका गटाचं नाव पुकारतात आणि त्या गटाचा माणूस पुढं येऊन लाल कागदी फुलांचं चक्र ठेवतो. जुन्या साम्राज्यातल्या लोकांनाही बोलवायचं ठरलं, तेव्हा माझे आजोबा पलटणीत होते म्हणून मराठी मंडळातर्फे मी समितीवर गेलो. मी कॅप्टनचं नाव सुचवलं, कारण त्यांचे वडील इंग्रजांच्या उंटांच्या पलटणीत होते. अध्यक्षबाईंना ते फार आवडलं. पण कॅप्टन म्हणाले, वडिलांच्या नावानं नाही. वडिलांना तुमच्या राणीनं पेन्शन दिली, त्यांचं नाव कागदावर आहे. मी माझ्या सैन्याच्या नावानं येईन. सुरुंगांवर गेलेल्या माझ्या माणसांसाठी येईन. एकदा, फक्त एकदा, माणसांसमोर माइकवरून आमचं नाव कुणीतरी घ्यावं. अध्यक्षबाई म्हणाल्या, का नाही, जरूर.

कार्यक्रमपत्रिका करायचं काम माझं, कारण समितीत कॉम्प्युटरवाला मी एकटा. कॅप्टननी मला गाडीत नाव सांगितलं. आर्म्ड फोर्सेस ऑफ सोमालीलँड. स्पेलिंग एकेक अक्षरानं सांगितलं, माझ्याकडून म्हणून घेतलं. "शेवटी लँड," ते म्हणाले. "लँड विसरलास तर बाकी सगळं शत्रूचं नाव आहे."

मी विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. गट नोंदवायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता आणि त्यात देशांची तयार यादी घातली होती. शुक्रवारी संध्याकाळी मी पूर्ण नाव टाइप केलं. लाल चौकट आली. हा देश यादीत नाही. ती यादी माझ्याच प्रोग्राममध्ये होती. एक ओळ वाढवायला दोन मिनिटं लागली नसती. स्वयंपाकघरातून बायकोनं हाक मारली, "अहो, पोहे गार होतायत." मी मागची अक्षरं खोडत 'सोमाली'पर्यंत आलो. यंत्रानं खाली सुचवलं: सोमालिया. मी एंटर मारला. मी पाहिलं होतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मी पाहिलं, आणि चालतंय असं मनात म्हणून पोहे खायला गेलो.

रविवारी कॅप्टन डिकीतला गणवेश घालून आले. इस्त्रीच्या घडीवर बोट कापलं असतं. टोपी एका भुवईवर झुकलेली. रांगेत त्यांच्यापुढं एक म्हातारे सरदारजी होते, त्यांनी कॅप्टनकडे पाहून छाती पुढं काढली. माझ्या मराठी चक्राची पाळी झाली. मग माइकवरच्या वृद्ध गृहस्थांनी माझ्या पत्रिकेवरून वाचलं: आर्म्ड फोर्सेस ऑफ सोमालिया. ज्यांनी त्यांच्या शहरावर विमानं पाठवली होती त्या सैन्याचा प्रतिनिधी म्हणून त्यांना पुकारलं होतं, सगळ्या गावासमोर, गणवेशात. कॅप्टन हलले नाहीत. माइकवाल्यांना वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांनी ते पुन्हा, अधिक मोठ्यानं वाचलं. कॅप्टननी चक्र होतं तिथंच गवतावर ठेवलं, वळले, आणि एकही पाऊल न चुकवता बाहेर निघून गेले.

मी त्यांच्या मागं कार पार्कात धावलो. ते गाडीला पाठ टेकून उभे होते.

"कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"सिस्टिम घेत नाही, कॅप्टन," मी म्हणालो. "सिस्टिमनंच बदललं."

हेच ते वाक्य. माझ्या धंद्यात आम्ही ते रोज म्हणतो. बँकेत म्हणतात, दवाखान्यात म्हणतात, आणि ऐकणारा माणूस मान हलवून निघून जातो, कारण सिस्टिमशी कोण भांडणार. मला माझ्या धंद्याची इतकी चीड कधी आली नव्हती जितकी आता हे लिहिताना येते आहे.

कॅप्टननी मान हलवली नाही. "सिस्टिमला आई आहे का?" ते म्हणाले. "घर आहे? पत्ता दे. मी आत्ता जातो." मग ते परत स्मारकाजवळ गेले आणि ज्या अध्यक्षबाईंचा काही दोष नव्हता त्यांच्यावर जाऊन कडाडले. बाई सॉरी म्हणाल्या. डोळे पुसत पुन्हा म्हणाल्या. प्रत्येक सॉरीला कॅप्टनचा आवाज चढत गेला. लोक चहाचे कप धरून गवताकडे बघत होते, आणि मी लोकांत होतो. पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, ते गृहस्थ जरा डिफिकल्ट आहेत, पुढच्या वेळी नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. त्यानंतर त्यांना कधी बोलावलं नाही.

कॅप्टन माझ्याशी मात्र पूर्वीसारखेच वागले. माझ्यावर ओरडले, माझ्या बायकोची घावनं खाल्ली, आणि ऑफिसातल्या नव्या मुलांना पास करत राहिले. त्या दिवशी धावत मागं आलेला एकटा मीच, असं त्यांनी बायकोला दोनदा सांगितलं. ती ते मला सांगायची आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. पुढं दोन वर्षांनी त्यांच्या सैन्यातून खरोखरच बोलावणं आलं. तरुण सैनिकांना गाड्या चालवायला शिकवायला माणूस हवा होता. मी त्यांना हीथ्रोला सोडायला गेलो. जाताना सांगायचं असं ठरवून निघालो होतो. अख्खा मोटरवे मी घसा साफ करत राहिलो आणि ते मला लेन बदलल्यावरून झापत राहिले. विमानतळावर त्यांनी हात हातात घेतला आणि म्हणाले, "आरसा बघत जा." मी म्हटलं, हो.

त्यांच्या जाण्यानंतरच्या नोव्हेंबरात समितीनं मला नवी पत्रिका करायला सांगितली. जुनी नोंद उघडली तर त्यात कुणीतरी, बहुधा काटेकोर माणसानं, कॅप्टन आले होते त्या वर्षीची हजेरी भरली होती. आर्म्ड फोर्सेस ऑफ सोमालिया: गैरहजर. मी त्या शब्दाकडे पाहत बसलो. गणवेशात तासभर ताठ उभ्या राहिलेल्या माणसाला गैरहजर. बैठकीत मी उभा राहून सांगितलं की तो देश मी बदलला होता, माझ्या हातानं, आणि कॅप्टन ज्या अध्यक्षबाईंवर ओरडले त्यांचा काही संबंध नव्हता. अध्यक्षबाईंनी वहीतून मान वर केली. "अरेरे," त्या म्हणाल्या, "किती वाईट झालं. सॉरी." आणि पुढचा विषय निघाला, बिस्किटं कुणी आणायची.

शनिवारी मी वेम्बलीला गेलो. ईलिंग रोडवरच्या एका किराणावाल्या गुजराती काकांकडे परदेशात फोन लावायची कार्डं मिळतात. "कौन सा देश?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सोमालीलँड. त्यांनी कार्डांचा गठ्ठा चाळला. "ये लो. सोमालिया का चलेगा, कोड एक ही है." मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. त्यांचा काय दोष. मी कार्ड घेतलं, घरी येऊन फोन लावला.

पलीकडे ट्रकचं इंजिन घरघरत होतं आणि माणसं बोलत होती. कॅप्टननी आवाज ओळखला, बायकोची विचारपूस केली, मग म्हणाले, लवकर बोल, माझा वर्ग चालू आहे. मी सांगितलं. लाल चौकट, खोडलेली अक्षरं, पोहे, एंटर, सगळं. सिस्टिमनं काही केलं नव्हतं, हेही सांगितलं. इंजिन बंद झालं.

मग तो राग आला. इतकी वर्षं माझ्यासाठी राखून ठेवल्यासारखा आला. इंग्रजीतून आला, सोमालीतून आला, "कमीने" दोनदा आलं. अध्यक्षबाईंचं नाव घेऊन ते म्हणाले, "त्या बाईला मी रडवलं. तुझ्यापायी." मी ऐकत राहिलो. खरं सांगायचं तर छातीवरचं काहीतरी उतरत होतं. शेवटी त्यांचा दम संपला.

"सॉरी म्हणू नकोस," ते म्हणाले. "तो शब्द बसवर लिहितात."

"मग काय म्हणू, कॅप्टन?"

त्यांनी पलीकडच्या कुणाला तरी सोमालीत काहीतरी सांगितलं. मग आवाज बदलला. थकला, की मऊ झाला, मला सांगता येणार नाही. "माझी माफी मागू नकोस," ते म्हणाले. "मला पुकारलं नव्हतं. सैन्याला पुकारायचं होतं. इथं माझी माणसं बसली आहेत, काही झोप्याबरोबरची आहेत. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवतो. ज्यांची मागतोस त्यांचं नाव आधी घे. पूर्ण."

मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. बायको दारात येऊन थांबली. पलीकडचं बोलणं थांबलं होतं, कुणीतरी खोकलं. कॅप्टन म्हणाले, बोल, मी सांगतो त्यांना त्यांच्या भाषेत.

"सोमालीलँडच्या सैन्याची," मी म्हणालो, आणि ते भाषांतर करेपर्यंत थांबलो, "मी माफी मागतो. तुमचं नाव माहीत असून मी दुसरं लिहिलं. ते माझ्या हातानं लिहिलं. तुम्ही त्या दिवशी हजर होता."